मधलं नाव

"मी कोण आहे, माहीत आहे का तुम्हाला?"

हा प्रश्न बावीस वर्षांत मला किती जणांनी विचारला असेल, देव जाणे. माझं उत्तर ठरलेलं होतं. "नाही ना सर, तेच तर विचारतेय. आयडी दाखवा."

सुरुवातीला या उत्तराची मला फार ऐट होती. घरी गेल्यावर आमच्या ह्यांना हावभावासकट करून दाखवायची. हे चहा पीत हसायचे. पुढे ते उत्तर तोंडातून आपोआप बाहेर पडायला लागलं. शेवटच्या काही वर्षांत तर समोरचा माणूस चिडायच्या आधीच मी दमलेली असायची. गुडघे दुखायचे ते वेगळंच, पण तोंड दुखणं म्हणजे काय ते काउंटरवर उभ्या राहणाऱ्या बाईलाच ठाऊक.

थेरगावात डांगे चौकाच्या अलीकडे आमचं दुकान. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, मिक्सर, घरघंटी, सगळं घरगुती सामान. आमचं म्हणजे मुनीरभाईंचं. आम्ही सगळे त्यांना 'मालक' म्हणायचो. "मालक आले का?" "मालकांना विचार." दिवसातून शंभर वेळा. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मी तिथे बिलिंगच्या काउंटरवर होते, नंतर त्या काउंटरची प्रमुख झाले. प्रमुख म्हणजे काय, तर खुर्ची मिळाली आणि भांडणं सगळी माझ्याकडे यायला लागली.

आता लोक विचारतात, आणि बरोबर विचारतात, की कार्ड मशीनमध्ये घातलं, पिन दाबला, पैसे गेले, मग तुम्हाला आयडी कशाला हवा? बँक तर मागत नाही! अहो, मशीनला पिन कळतो. तो कुणाच्या बोटाने दाबला, ते कळत नाही. पिन मुलाला माहीत असतो, ड्रायव्हरला माहीत असतो. पाकिटात कार्डाच्या मागेच चिठ्ठीवर पिन लिहून ठेवणारे महाभाग मी या डोळ्यांनी पाहिलेत. मग कार्ड चोरीला गेलं की खरा धनी जागा होतो. तो बँकेत जातो, बँक दुकानाकडे बिल मागते, पोलीस येतात, कॅमेऱ्यातलं चित्रण बघतात आणि शेवटी सगळे मिळून काउंटरवरच्या बाईकडे बघतात. "तुम्ही विचारलं नाही का?"

माझ्याकडे असं एकदाच बघितलं गेलं. तेवढं पुरलं.

हिंजवडीच्या बाजूचा एक तरुण आला होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात कंपनीची निळी फीत, फितीला आयकार्ड. फडाफडा इंग्रजी. भिंतीएवढा टीव्ही पसंत केला, क्रेडिट कार्ड काढलं, पिन दाबला. मी त्याला काहीसुद्धा विचारलं नाही. उलट "थँक यू सर" म्हणून दारापर्यंत नजरेने सोडून आले. आठवड्याने पोलीस दारात! कार्ड त्याच्या खोलीत राहणाऱ्या दुसऱ्याच कुणाचं होतं, आणि फितीचं आयकार्ड सोडून दिलेल्या नोकरीचं. मी तिथल्या तिथे रडायला लागले. मला वाटलं, गेली नोकरी. मुनीरभाईंनी पोलिसांना खुर्ची दिली, चहा दिला, सगळं आपल्या अंगावर घेतलं. ते गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "मॅडम, तुम्ही माणसाचा गळा बघितला. तोंड बघायचं राहिलं."

दुसऱ्या दिवशी मी स्वतः पाटी लिहून काउंटरवर लावली: 'क्रेडिट कार्डाने खरेदी करताना कार्डधारकाने स्वतः यावे व ओळखपत्र दाखवावे.' ती पाटी माझी. तिच्यावर धूळ बसू दिली नाही मी कधी.

आता नाव जुळवणं हेही एक काम असतं बरं का. वाटतं तेवढं सोपं नाही. कार्डावर अक्षरं मोजकी मावतात. आपल्याकडची नावं ही अशी लांबच लांब. मग बँकेच्या छापखान्यात नावाची कापाकापी होते. बाळासाहेबांचा 'ब' गळतो, चंद्रशेखरचा नुसता चंद्र उरतो. कुणाचं आडनाव आधी, कुणाचं शेवटी. मराठवाड्याकडच्या कित्येकांच्या कार्डावर स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एवढंच मावतं, आडनावाला जागाच उरत नाही. बायकांचं तर विचारू नका. कार्ड माहेरच्या नावाचं, आधार सासरच्या नावाचं, आणि लग्नात नाव बदललं असेल तर बँकेच्या खात्यातली बाई तिसरीच! या सगळ्यात मी तरबेज झाले होते. एका हातात कार्ड, एका हातात आधार. आधी पहिलं नाव बघायचं, मग आडनाव. मधलं नाव मी बघत नसे. बहुतेक कार्डांवर ते नसतंच, कशाला वेळ घालवा? चार सेकंदांत मान हलली पाहिजे, होय किंवा नाही. रांग असते मागे.

गमतीही झाल्या. इथल्याच जुन्या घरातले एक आबा फ्रिज घ्यायला आले. पांढरंशुभ्र धोतर, टोपी, आणि हातात मुलाने काढून दिलेलं क्रेडिट कार्ड. कार्ड त्यांच्याच नावाचं होतं, पण ओळखपत्र मागितल्यावर आबांचा पारा चढला.

"अगं ए पोरी, हे तुजं दुकान ज्या जागंवर उभं हाय, ती जागा आमची व्हती. आन तू आमाला वळख मागतीस व्हय?"

म्हटलं, "आबा, जमीन ओळखत असेल तुम्हाला. मशीन ओळखत नाही."

आबा तरातरा निघून गेले. मला वाटलं, गिऱ्हाईक गेलं. तासाभराने परत आले आणि काउंटरवर एक कागद आपटला. सातबारा! "ह्यो बघ. नाव वाच. आता बोल." मी म्हटलं, आबा, यावर फोटो नसतो हो. तर म्हणाले, "जमिनीचा कसला फोटो काढत्यात? आमी काय नवरी हाय?" सगळं दुकान हसलं. शेवटी त्यांचा नातू आधार घेऊन आला. पुढे कधीही दुकानात आले की लांबूनच ओरडायचे, "मोरेबाई, सातबारा आनलाय!"

ही गोष्ट मी लग्नकार्यात इतक्यांदा सांगितली आहे की आमचे हे ती सुरू झाली की पाणी प्यायला उठतात.

पण दिवाळी अंकाच्या संपादकांनी "दुकानातले अनुभव लिहा" म्हटल्यावर पेन हातात घेतलं, तेव्हा आबा डोळ्यांसमोर आले नाहीत. ती आली. ते सांगायलाच बसलेय, आणि अजून फ्रिजच्या गोष्टी सांगतेय. टाळाटाळ, दुसरं काय.

दसऱ्याच्या आधीचा आठवडा होता. दुकानात हीऽ गर्दी. सकाळपासून उभी होते, डबा तसाच पडलेला. दुपारी एक बाई घरघंटीच्या समोर कितीतरी वेळ उभी असलेली दिसली. पन्नाशीच्या आसपासची असेल. नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, पण पदर डोक्यावर. पायांत रबरी चपला. घरघंटी म्हणजे घरात दळण दळायची छोटी विजेची गिरणी, लहान कपाटाएवढी. तिने तिचं झाकण उघडून बघितलं, आत हात घालून बघितला, दगडाचं विचारलं, जाळ्यांचं विचारलं. ज्वारी किती वेळात दळते ते विचारलं. आमच्या विक्रेत्याने नंतर मला सांगितलं, "मॅडम, हिला आपल्यापेक्षा जास्त कळतं."

मग ती काउंटरवर आली आणि पदराच्या गाठीतून क्रेडिट कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं.

मी कार्ड उचललं. इंग्रजीत नाव, दिगंबर रावसाहेब.

इथे मला एक कबूल करायचं आहे. इस्त्रीचा शर्ट असला की मी म्हणायची, "सर, आयडी प्लीज." पदर डोक्यावर असला की म्हणायची, "कुणाचं आहे गं हे?" त्या निळ्या फितीच्या माणसाने मला फसवलं होतं, पण त्याचा राग मी फीतवाल्यांवर कधी काढला नाही. तो कुणावर निघायचा, ते आता तुम्हीच बघा.

"कुणाचं आहे गं हे कार्ड?"

"मालकांचं हाय."

"कुठे आहेत मालक?"

"दवाखान्यात हायेत. हाताला लागलंय त्यांच्या. त्यांनीच दिलंय मला. नंबर बी सांगितलाय त्यो मशीनीचा."

मी दिवसातून शंभरदा 'मालक' म्हणणारी बाई. माझ्या कानांना मालक म्हणजे ज्याच्याकडे नोकरी करतात तो. मी काय ऐकलं? मालक दवाखान्यात पडलाय आणि घरकाम करणारी बाई त्याचं कार्ड आणि पिन घेऊन खरेदीला आली आहे. माझ्या डोक्यात लख्ख घंटा वाजली. म्हटलं, मोरेबाई, आज सापडलं.

आणि मी कोण? करमाळ्याकडच्या खेड्यातली पोर. माझी आई जन्मभर माझ्या वडिलांना मालक म्हणत आली. "मालक जेवले का?" "मालक रानात गेलेत." त्या घरात मी अठरा वर्षं वाढले. पण त्या दुपारी हे मला आठवलं नाही म्हणजे नाही. जीभ बदलली की कानही बदलतात की काय, कोण जाणे.

"तुझं काही ओळखपत्र आहे का?"

तिने कमरेच्या पिशवीतून आधारची घडी घातलेली झेरॉक्स काढली. ती उलगडली, काउंटरवर सरळ केली आणि तिच्यावर बोट ठेवलं. "हे बगा, हितं हाय."

मी बघितलं. माझ्या पद्धतीने बघितलं. पहिलं नाव, सागरबाई. आडनाव, लोखंडे. कार्डावर दिगंबर रावसाहेब. चार सेकंदांत मान हलली.

"हे तुझं आधार आहे. मला तुझं नाही बघायचं. ज्याचं कार्ड त्याचं लागेल."

"हितं हाय की ओ बाई. बगा तरी." ती पुन्हा बोट टेकवून दाखवायला लागली. मला वाटलं, फोटो दाखवतेय. फोटो काळाकुट्ट आला होता. मी झेरॉक्स तिच्याकडे सरकवली. कार्ड मात्र हातात ठेवलं.

"मालकांचं नाव काय?"

तिने झेरॉक्स पुन्हा माझ्याकडे सरकवली.

"नाव सांग ना. मालकांचं नाव काय?"

तिने खाली बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा त्या कागदावर बोट.

मला तर खात्रीच पटली. आवाज चढला माझा. रांगेतली माणसं पुढे वाकून बघायला लागली. एकाने मोबाइल वर धरला. मी म्हटलं, "मालकाचं नावसुद्धा माहीत नाही आणि त्याचं कार्ड घेऊन आलीस? वॉचमनला बोलवू का? पोलिसांना फोन करू?"

"बाई, असं नगा करू. चोरी न्हाई केली म्या."

"मग नाव सांग!"

तिने पदर ओढून तोंडावर घेतला. पदराच्या आतून काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही.

आणि मी म्हटलं, "मोठ्याने."

हा एक शब्द मला परत घेता आला तर बावीस वर्षांची सगळी शाबासकी मी देऊन टाकीन.

तिने पदर तोंडावरून काढला. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज ठणठणीत. सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. "दिगंबर रावसाहेब लोखंडे. नवरा हाय माजा त्यो. झालं?"

मी त्या झेरॉक्सकडे बघितलं. सागरबाई दिगंबर लोखंडे. मधलं नाव. जिथे ती मघापासून बोट ठेवत होती, तिथेच. लग्न झाल्यापासून जे नाव तिने तोंडाने उच्चारलं नव्हतं, ते कागदावर होतं म्हणून ती बोटाने दाखवत होती. आणि मी, नावं जुळवण्यात तरबेज मोरेबाई, तिचं बोट सोडून सगळं बघत होते.

त्या वेळी तरी माफी मागायची की नाही? मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "मग आधीच सांगायचं ना."

"सांगितलं की," ती म्हणाली. "पहिल्यांदाच सांगितलं. मालक म्हनलं म्या."

तिने हात पुढे केला. मी कार्ड तिच्या हातावर ठेवलं. "बिल करते, या," मी म्हटलं. पाटीवरचं 'स्वतः यावे' मीच बाजूला ठेवलं, आणि आता माझ्या तोंडात 'या' आलं! तिने झेरॉक्सची घडी घातली, कार्ड पदराच्या गाठीत बांधलं आणि निघून गेली. घरघंटीकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी काउंटर सोडून दारापर्यंत गेले, तोवर ती रिक्षात बसली होती. बिल झालंच नव्हतं, म्हणून पत्ता नाही, फोन नंबर नाही. एरवी सगळ्यांची सगळी माहिती माझ्याकडे असायची.

मुनीरभाई केबिनच्या दारात उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं. मला वाटलं, आज ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते हळूच म्हणाले, "मॅडम, आमच्या अम्मीने अब्बांचं नाव कधी घेतलं नाही. 'मुनीर के अब्बा', बस. एकदा सरकारी कचेरीत साहेबाने विचारलं, तर मला पुढे केलं. म्हणाली, बेटा, तू बोल." त्यांनी रस्त्याकडे बघितलं. "ह्या बाईकडे बोलायला कुणी नव्हतं."

मग ते आत गेले. मी उरलेली रांग संपवली. काय करणार, रांग संपवावीच लागते.

त्या दिवशी घरी जाऊन मी ह्यांना काही सांगितलं नाही. नंतर कित्येक दिवस कार्ड मागताना माझ्या तोंडून शब्द फुटायचा नाही, मी नुसता हात पुढे करायची. लोकांना वाटलं, मोरेबाई गर्विष्ठ झाल्या. पाटी काढून टाकावी असंही मनात आलं. पण पाटी चुकीची नव्हती, तेच तर अवघड होतं. नियम आजही बरोबरच वाटतो मला. चोर येतात, कार्डं चोरली जातात, विचारायलाच पाहिजे. पण विचारायचं कसं आणि उत्तर कुठल्या बोलीत येईल, हे पाटीवर लिहिता येत नाही. एवढं शहाणपण मला आलं, ते उशिरा आणि दुसऱ्याच्या खर्चाने.

सहा-सात महिने गेले असतील. आमचा दुरुस्तीवाला सलीम दुपारी काउंटरवर आला. घरघंट्यांची दुरुस्ती तोच करायचा, थेट चाकणपर्यंत.

"मॅडम, महाळुंग्याला गेलो होतो. एका बाईच्या घरघंटीची जाळी फाटलेली. गिरणी आपल्याकडची नाही, चाकणमधून घेतलेली. पण माझ्या शर्टावर आपल्या दुकानाचं नाव बघितलं आणि म्हणते काय, 'ती नाव इचारनारी बाई हाय का अजून तितं?' कोण हो ती?"

मी विचारलं, कशी आहे, काय करते. सलीमने जे सांगितलं ते असं. नवरा महाळुंग्याच्या एका वर्कशॉपमध्ये पत्रा दाबायच्या प्रेस मशीनवर कामाला होता. उजव्या हाताची चार बोटं प्रेसमध्ये गेली. दवाखान्यात असतानाच त्या दोघांनी ठरवलं, आता आपण दळणं करायची. आजूबाजूच्या खोल्यांतून सगळी परभणी-नांदेडकडची माणसं, ज्वारीच्या भाकरीवाली. म्हणून ती घरघंटी घ्यायला आली होती. दवाखाना थेरगावातच होता; तिथून थेट माझ्यासमोर.

"चांगली चाललीय गिरणी," सलीम म्हणाला. "अहो, तुम्ही रडताय कशाला?"

मी लगेच महाळुंग्याला धावले, असं लिहायला मला आवडलं असतं. नाही धावले. सुट्टी नाही, लग्नसराई आहे, गुडघा दुखतोय, शंभर कारणं. खरं एकच होतं, भीती वाटत होती. ती ओळखेल याची भीती, आणि ओळखणार नाही याचीही. बघता बघता निवृत्तीचा दिवस आला. सत्कार झाला, शाल मिळाली. मुनीरभाई भाषणात म्हणाले, "मोरे मॅडमच्या नजरेतून एक माणूस सुटला नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मान वर केली नाही.

निवृत्तीनंतरच्या पहिल्याच आठवड्यात मी स्टीलच्या डब्यात पाच किलो ज्वारी भरली. आमचे हे बघतच राहिले. "खाली गिरणी आहे की! दळण घेऊन कुणी थेरगावहून महाळुंग्याला जातं का?" म्हटलं, मी जाते. दोन बस बदलल्या. डबा मांडीवर. कंडक्टर म्हणाला, "मावशी, जेवण घेऊन चाललात कंपनीत?" मी हो म्हटलं. वाटेत वाक्य पाठ करत होते. "सागरबाई, मी त्या दुकानातली. माझं चुकलं." पुन्हा पुन्हा तेच. जन्मभर दुसऱ्यांना विचारत आले, आता स्वतःची ओळख सांगायची होती, तर जिभेला गाठ बसलेली.

सलीमने सांगितलेल्या खुणेने खोली सापडली. दाराबाहेर पत्र्याची शेड, शेडमध्ये घरघंटी, तिचा घरघराट लांबूनच ऐकू येत होता. फळीवर डब्यांची रांग. प्रत्येक डब्यावर पांढरी चिकटपट्टी आणि पट्टीवर पेनने नाव. वाकडंतिकडं अक्षर. कुणाचं पीठ कुणाच्या डब्यात जायला नको म्हणून. अगदी आमच्यासारखंच, नाव बघूनच माल द्यायचा.

दारातल्या स्टुलावर एक गृहस्थ बसले होते. उजवा हात मांडीवर, त्यावर टॉवेल. दिगंबर रावसाहेब लोखंडे. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांचं नाव मला पाठ होतं. ती गिरणीमागे होती, पाठमोरी, पिठाने पांढरी झालेली.

"या बाई. ज्वारी का?" त्यांनी डावा हात पुढे करून डबा घेतला. डबा गुडघ्यांत धरला, दातांनी चिकटपट्टी तोडली, झाकणावर लावली. मग डाव्या हातात पेन घेऊन माझ्याकडे बघितलं.

"नाव काय घालू?"

मी तोंड उघडलं. पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कुणास ठाऊक. नुसतं "मी... मी..." गिरणी चालू होती. ते पुढे वाकले. "मोठ्यानं सांगा बाई, ऐकू येत न्हाई."

तेवढ्यात गिरणी थांबली. तिने वळून बघितलं होतं. कितीतरी वेळ बघत राहिली. हसली नाही, रागावलीही नाही. पदराने तोंडावरचं पीठ पुसलं आणि पुढे येऊन त्यांच्या हातातला डबा घेतला.

"ऱ्हाऊ द्या ओ. नाव नका इचारू त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. "मी वळखते."

रांगेतले सगळे डबे सोडून तिने आधी माझी ज्वारी ओतली आणि गिरणी चालू केली. त्या घरघराटात मी म्हटलं, "माझं चुकलं." तिला ऐकू गेलं की नाही, मला सांगता येणार नाही. पिठावर हात धरून ती ते मऊ येतंय का बघत होती.

हे सगळं लिहून झाल्यावर आज पहिल्यापासून वाचून काढलं. सगळीकडे 'आमचे हे', 'आमचे हे'. तीस वर्षांचा संसार झाला, आणि माणसाचं नाव एका जागी नाही. ते समोरच पेपर वाचत बसलेत. लिहावं म्हणून पेन टेकवलं, पण हात पुढे जाईना.

तो डबा स्वयंपाकघरात आहे. झाकणावर पट्टी तशीच आहे, कोरी.